पुरातन कोन्याक

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, शारांत नदीकाठच्या कोन्याक शहराभोवतालच्या प्रदेशात गाळलेल्या द्राक्षांच्या ब्रँडीला कोन्याक म्हणतात. तिच्यातील पुरातन असा कायदेशीर वर्ग नाही. परंतु संग्राहक हा मान प्रामुख्याने फिलॉक्सेरापूर्व, म्हणजे साधारणतः १८७० च्या दशकाआधीच्या ब्रँडीला देतात. द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही कीड अमेरिकेतून आली आणि तिने सुमारे २,८०,००० हेक्टरांवरचे मळे १८९० च्या दशकापर्यंत ४०,००० हेक्टरांच्या आसपास आणून ठेवले. पुढे अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून लागवड झाली खरी, पण पूर्वीची फोल ब्लांश ही जात कलमावर लवकर कुजत असल्याने तिची जागा उन्यी ब्लांने घेतली. त्यामुळे जुन्या बाटलीतील ब्रँडी आजच्या ब्रँडीहून केवळ वयानेच नव्हे, तर द्राक्षानेही वेगळी असते.

तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळलेला सुमारे ७० टक्के मद्यार्काचा द्रव ओकच्या पिंपांत मुरतो. दरवर्षी त्याचा थोडा अंश हवेत उडून जातो आणि त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने कोठारांच्या भिंती काळ्या पडतात. काही दशकांनंतर लाकडाचा तुरटपणा वरचढ होऊ लागतो. तेव्हा निवडक ब्रँडी काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून 'पॅराडी' नावाच्या राखीव तळघरात ठेवतात. काचेत ती मुरत नाही. म्हणूनच १८६५ मध्ये गाळून १८७५ मध्ये बाटलीबंद केलेली कोन्याक आज उघडली, तरी मुरण्याच्या हिशेबाने ती दहा वर्षांचीच ठरते. खरेदीदार बहुधा नेमके हेच विसरतात.

लेबलावरील वर्षावर विसंबणेही धोक्याचे असते. नेपोलियनचे नाव किंवा १८११ हे धूमकेतूचे वर्ष मिरवणाऱ्या बाटल्यांकडे तर संशयानेच पाहावे. वर्षनिहाय, म्हणजे एकाच वर्षाच्या पिकाची कोन्याक विकण्यावर १९६२ पासून काही दशके निर्बंध होते. आता अशा कोन्याकची पिंपे मोहोरबंद ठेवावी लागतात. गोतिए या पेढीच्या १७६२ सालच्या बाटलीला २०२० मध्ये सदबीजच्या लिलावात १,१८,५८० पौंड मिळाले. अशा बाटल्या उभ्याच ठेवतात, कारण आडव्या बाटलीतील तीव्र मद्यार्क बूच झिजवतो. बूच सैल झाल्यास आतील पातळी घटत जाते आणि तिच्याबरोबर किंमतही.