हातभर अंतरावरचा परका

माझा प्रिंटर टेबलापासून हातभर अंतरावर असतो, तरी नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम त्याला ‘रिमोट’, म्हणजे बाहेरचा, ठरवून बसला होता. लॅपटॉप आपला, फोन आपला, प्रिंटर तेवढा परका! आधी प्रोग्रॅमवर चिडलो. मग लक्षात आलं की आपलं कोण हे त्याला मीच सांगितलं होतं, आणि चुकीचं सांगितलं होतं.

तारेतून जाणाऱ्या पॅकेटवर (माहितीच्या छोट्या पुडक्यावर) दोन पत्ते असतात, कुठून आलं आणि कुठे चाललं. त्यातला घरचा कोणता, हे पॅकेटवर लिहिलेलं नसतं. एनटॉप-एनजीसारख्या प्रोग्रॅमला (लुका डेरी यांनी १९९८ साली लिहिलेल्या एनटॉपचा हा पुढचा अवतार) त्यासाठी ‘लोकल नेटवर्क्स’ची यादी द्यावी लागते. हा भेद नुसता हौसेचा नाही. एका दिवसात हजारो बाहेरचे पत्ते येऊन जातात. प्रत्येकाचा आलेख जपत बसलं तर डिस्क भरून जाईल, म्हणून तपशीलवार इतिहास सहसा फक्त घरच्या होस्टांचाच (नेटवर्कवरच्या यंत्रांचाच) साठवला जातो.

मी यादीत लिहिलं होतं १९२.१६८.१.०/२५. खरी गंमत तिरक्या रेघेनंतरच्या आकड्यात आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

नेहमीचा आयपी पत्ता (आयपीव्ही४) म्हणजे ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक. वाचायला सोपं जावं म्हणून आपण त्याचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करतो. ‘/२५’ म्हणजे डावीकडचे २५ बिट नेटवर्कचे, उरलेले ७ यंत्राचे. पत्ता आतला की बाहेरचा हे ठरवताना प्रोग्रॅम त्याच्यावर एक मास्क ठेवतो, ज्यात पहिले २५ बिट १ आणि बाकीचे ०. मग बिटागणिक ‘अँड’ करतो. दोन्हीकडे १ असेल तरच उत्तर १, नाहीतर ०. जाळीदार कागद ठेवावा तसं मास्कमधल्या १ खालचं तेवढं दिसतं, ० खालचं झाकलं जातं. उरलेला आकडा यादीतल्या नेटवर्कशी जुळला की यंत्र आपलं.

प्रिंटरला राउटरने दिलेला पत्ता १९२.१६८.१.१४० होता. शेवटचा तुकडा १४०, म्हणजे १०००११००. मास्कचा शेवटचा तुकडा १२८, म्हणजे १०००००००. अँड केल्यावर उरतात १२८, यादीत आहे ०. जुळलं नाही, प्रिंटर बाहेर! /२५ मध्ये ० ते १२७ एवढेच पत्ते बसतात.

याच हिशेबाने एक जुना गैरसमज मोडता येतो. ‘१७२ ने सुरू होणारा पत्ता खाजगी (घरातल्या, ऑफिसातल्या नेटवर्कपुरता राखलेला)’ असं बरेच जण सांगतात. १९९६ च्या आरएफसी १९१८ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) नुसार खाजगी पट्टा आहे १७२.१६.०.०/१२. त्याच्या मास्कचा दुसरा तुकडा २४०, म्हणजे ११११००००. ३१ (०००१११११) वर तो ठेवला की १६ उरतात, म्हणजे आत. ३२ (००१०००००) वर ठेवला की ३२ च उरतात, म्हणजे बाहेर. १७२.३२ पासून पुढचे पत्ते सार्वजनिक, दुसऱ्या कोणाचे तरी. ते यादीत घातले तर परक्यांचे आलेख घरात साठतील.

जाता जाता, स्क्रीनशॉटमधला १९२.१६८.१.५ असा पत्ता काळ्या पट्टीने झाकणाऱ्यांना माझा नमस्कार. तोच पत्ता असंख्य घरांत आहे, आणि इंटरनेटवरून त्याच्याकडे थेट रस्ताच नाही. ‘वायफायवर कोण काय करतंय ते सगळं पाहा’ म्हणणाऱ्या जाहिरातीही याच जातीच्या. आजची बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली, असते. कोण कोणाशी, केव्हा आणि किती बोललं एवढं कळतं, काय बोललं ते नाही.

तेही नजर ठेवणारा प्रोग्रॅम योग्य जागी असेल तर. स्विच (यंत्रांच्या तारा एकत्र जोडणारा डबा) प्रत्येक पॅकेट ज्याचं त्यालाच पोचवतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवला तर मुख्यतः स्वतःची वाहतूक आणि ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली पॅकेटं) एवढंच दिसतं. स्विचवर मिरर पोर्ट (बाकीच्या वाहतुकीची नक्कल मिळणारं तोंड) लावावा किंवा प्रोग्रॅम राउटरवरच चालवावा. राउटरवर मात्र आतली बाजू निवडा. बाहेरच्या बाजूला नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होऊन सगळी यंत्रं एकाच पत्त्याआड गेलेली असतात. आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) असेल तर इंटरनेट पुरवठादाराने दिलेला प्रीफिक्सही (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) यादीत हवा, कारण तिथे घरातल्या यंत्रांनाही सार्वजनिक पत्ते असतात.

मी २५ चे २४ केले, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि प्रिंटर घरात आला. मागच्या आठवड्याचा त्याचा आलेख मात्र कोराच राहिला. तो परका होता तेव्हा कोणी लिहून ठेवलंच नव्हतं.