डीएपीची थैली उचलण्याआधी वावरातला स्फुरद मोजून घ्या

डीएपी खताच्या 50 किलोच्या थैलीत 23 किलो स्फुरद (फॉस्फरस) असतो. त्यातला 15 ते 20 टक्केच त्या हंगामात पिकाला लागतो, म्हणजे फार तर साडेचार किलो. बाकीचा कुठे जातो? नत्रासारखा (नायट्रोजनसारखा) तो हवेत उडत नाही. नागपूरकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शियमला चिकटून बसतो आणि मुळांना सहजी मिळत नाही. वर्षानुवर्षे डीएपी टाकलेल्या वावरात असा साठा वाढतच जातो.

साठा किती, ते तपासणीशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात वावर रिकामं असताना एकरी आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डे करा आणि कडेची माती वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीने कापून घ्या. बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची नको. सगळी एकत्र करून अर्धा किलो आमच्याकडे तपासणीला आणा, पण कृपा करून खताच्या रिकाम्या थैलीत नको! हमखास तीच हाताशी येते, आणि मग आम्ही मातीऐवजी थैलीतलं खतच मोजतो.

ऑल्सेन पद्धतीने (पिकाला मिळू शकणारा स्फुरद मोजायची प्रयोगशाळेतली रीत) हेक्टरी 10 किलोखाली स्फुरद म्हणजे कमी, 25 च्या वर म्हणजे भरपूर. भरपूर निघाला तर स्फुरदाची मात्रा पाव हिश्शाने उतरवायला हरकत नाही. मात्र कपाशीला डीएपीची एक थैली कमी केली की 9 किलो नत्रही कमी पडतं. ते साधारण 20 किलो युरियाने भरून काढा.

बसलेला स्फुरद सोडवायला पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, वापरा. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. पीएसबी आम्हीच विकतो, तरी स्पष्ट सांगतो: हे जिवाणू असलेला साठा मोकळा करतात, नवा आणत नाहीत. स्फुरद कमी असलेल्या वावरात त्यांच्या भरवशावर खत बंद करू नका. शेणखताची जोड हवीच. रब्बीत हरभरा घ्या. त्याची मुळं आम्ल सोडून थोडा स्फुरद स्वतःच काढून घेतात.

संत्रा बागायतदारांनी जस्तही तपासून घ्यावं. स्फुरद फार झाला की जस्ताची टंचाई भासते, नवी पानं बारीक राहून शिरांच्या मधे पिवळी पडतात. बागेचा नमुना वेगळ्या रीतीने घ्यायचा असतो, तेव्हा आधी विचारा.

नमुन्यासोबत चिठ्ठीवर गट नंबर, मागचं पीक आणि गेल्या हंगामात किती थैल्या पडल्या, ते लिहून द्या.