विषम नंबरांचा चष्मा

विषम नंबरांचा चष्मा : दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असताना वापरावयाचा चष्मा व त्याचे पर्याय. उजव्या डोळ्याचा नंबर −१.०० आणि डाव्याचा −५.०० असेल, तर तफावत ४ डायॉप्टरची (डायॉप्टर हे नंबर मोजण्याचे एकक) होते. सामान्यतः १ डायॉप्टर व त्यापुढील तफावतीची दखल घेतली जाते. एका डोळ्याला उणे आणि दुसऱ्याला अधिक नंबर असणे हाही याचाच प्रकार. या अवस्थेचे वैद्यकीय नाव ॲनिसोमेट्रोपिया असून त्यातील ग्रीक घटकशब्दांचा अर्थ ‘समान माप नसलेले डोळे’ असा होतो. ‘दृष्टिवैषम्य’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु तो ॲस्टिगमॅटिझमसाठीही (एकाच डोळ्यात उभ्या-आडव्या दिशांना वेगळा नंबर असण्याच्या दोषासाठीही) वापरला जात असल्याने येथे टाळला आहे. नाशिकच्या मेन रोडवर काय किंवा कॉलेज रोडवर काय, दुकानात ‘दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत फरक आहे’ एवढे म्हटले की भागते. म्हणून या नोंदीतही ‘नंबर’ हाच शब्द ठेवला आहे.

मोठ्या तफावतीचे नेहमीचे कारण म्हणजे दोन नेत्रगोलांच्या लांबीतील फरक. १ मिमी. लांबीमागे सुमारे २.५ ते ३ डायॉप्टर बदलतात, म्हणजे वरील उदाहरणातील दोन डोळ्यांत जेमतेम दीड मिलिमीटरचे अंतर असते. पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याच्या) वक्रतेतील फरक, इजा, एकाच डोळ्यातील मोतीबिंदू किंवा त्याची शस्त्रक्रिया ही इतर कारणे होत.

प्रतिमांच्या आकाराचा वाद : उणे नंबरचे भिंग वस्तू लहान दाखवते, अधिक नंबरचे मोठी. दोन भिंगे फार भिन्न असली की मेंदूकडे दोन आकारांच्या प्रतिमा जातात आणि त्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. डच नेत्रतज्ज्ञ डॉन्डर्स यांच्या १८६४ च्या ग्रंथात या अडचणीची चर्चा आढळते. डायॉप्टर हे एकक मात्र त्यानंतरचे; ते फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनोये यांनी १८७२ मध्ये सुचवले. प्रतिमांच्या असमान आकारासाठी ‘ॲनिसेइकोनिया’ हा शब्द अमेरिकन नेत्रतज्ज्ञ लँकेस्टर यांनी १९३२ मध्ये रूढ केला. त्याच सुमारास अमेरिकेतील डार्टमथ येथे संशोधक ॲडेल्बर्ट एम्स व त्यांचे सहकारी हा फरक मोजण्याची उपकरणे आणि तो भरून काढणारी खास भिंगे तयार करत होते. तेथील नेत्रसंस्था १९४७ मध्ये बंद झाल्यावर या भिंगांचा उत्साहही ओसरला.

अशा तफावतीवर चष्मा बरा की कॉन्टॅक्ट लेन्स, या वादाचे मूळ ‘नॅपच्या नियमा’त आहे. नेत्रतज्ज्ञ हेरमान नॅप (१८३२–१९११) यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील होय. दोष केवळ गोलाच्या लांबीचा असेल आणि भिंग डोळ्याच्या पुढील नाभीवर (प्रकाश एकवटण्याच्या बिंदूवर), म्हणजे पारपटलापुढे सुमारे १५ ते १६ मिमी. अंतरावर असेल, तर दृष्टिपटलावरील (डोळ्याच्या मागील, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरील) प्रतिमा निर्दोष डोळ्यातल्याएवढीच पडते, असे हा नियम सांगतो. यावरून लांबीच्या तफावतीला चष्मा आणि वक्रतेच्या तफावतीला कॉन्टॅक्ट लेन्स, अशी विभागणी अनेक पाठ्यपुस्तकांनी केली. गणित बरोबर आहे. मात्र लांबलेल्या डोळ्यात दृष्टिपटलही ताणले जाते आणि त्यावरील प्रकाशग्राही पेशी विरळ होतात. त्यामुळे मोजपट्टीवर समान भरलेली प्रतिमा मेंदूला समान वाटतेच असे नाही. प्रत्यक्ष मोजणीत लांबीची तफावत असलेल्यांनाही कॉन्टॅक्ट लेन्सनेच आकारातील फरक कमी जाणवल्याचे विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाजूच्या, मताला झुकते माप दिले आहे.

याला जोडून ‘चार डायॉप्टरच्या नियमा’चा विचार करावा लागतो. प्रत्येक ०.२५ डायॉप्टरमागे प्रतिमेत ०.५ टक्का फरक पडतो आणि ५ टक्क्यांपर्यंतचा फरक सोसतो, म्हणून २.५ डायॉप्टरपर्यंतची तफावत चालते, २.५ ते ४ मध्ये ती व्यक्तीवर अवलंबून असते आणि ४ च्या पुढे चष्मा देऊ नये, असे भारतीय वैद्यकीय विद्यार्थी शिकत आले आहेत. हा हिशेब काहीसा भडक आहे. भिंगापासून डोळ्यातील बाहुलीच्या (बाहेरून दिसणाऱ्या) प्रतिमेपर्यंत १५ मिमी. अंतर धरले, तर −५.०० चे भिंग प्रतिमा सुमारे ७ टक्क्यांनी आणि −१.०० चे सुमारे १.५ टक्क्यांनी लहान करते; म्हणजे डायॉप्टरमागे २ नव्हे, १.४ टक्क्यांच्या आसपास. रुग्णाला जाणवणारा फरक अनेकदा याहूनही कमी असतो. तेव्हा ४ हा आकडा लक्ष्मणरेषा न मानता सावधगिरीची खूण समजणे बरे. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये हेच अंतर ३ मिमी.वर येते आणि त्याच दोन डोळ्यांतील फरक सव्वा टक्क्याच्या आत राहतो.

खाली पाहताना येणारी अडचण : आकाराच्या चर्चेत मागे पडलेली, पण चष्मेवाल्याच्या हातात असलेली बाब वेगळीच आहे. भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून नजर ढळली की भिंग लोलकासारखे वागते. १८९० च्या सुमारास अमेरिकेतील चष्मेतज्ज्ञ प्रेंटिस यांनी याचे सोपे सूत्र दिले : मध्यापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यास नंबराने गुणले की लोलकशक्ती ‘लोलक-डायॉप्टर’ या एककात मिळते. मध्याच्या १ सेंमी. खालून पाहताना −१.०० च्या भिंगातून १ आणि −५.०० च्या भिंगातून ५ लोलक-डायॉप्टर लागू होतात. फरक ४. डावी-उजवीकडचा असा फरक डोळे आत-बाहेर वळवून सांभाळून घेतात. वर-खालचा मात्र दीड-दोनच्या पुढे गेला की डोके जड होणे, ओळी एकमेकींवर चढणे, क्वचित दोन-दोन दिसणे सुरू होते.

साध्या, वरपासून खालपर्यंत एकच नंबर असलेल्या भिंगात माणूस नकळत मान खाली घालतो आणि मध्यातूनच पाहतो, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. चाळिशी लागून बायफोकल (वर दूरचा, खाली वाचनाचा नंबर) किंवा प्रोग्रेसिव्ह (खाली जाताना हळूहळू बदलणारा नंबर) आला, की वाचण्यासाठी भिंगाच्या खालच्या भागातूनच पाहावे लागते आणि तो उघडा पडतो. रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना किंवा पांडवलेणीवरून खाली येताना अशा चष्म्यातून पायरीची कड दोन ठिकाणी भासू शकते. सराफ बाजारातला कारागीर, येवल्याच्या मागावर पैठणी विणणारा विणकर, यांचे सगळे कामच नजर खाली ठेवून चालते.

सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे दोन स्वतंत्र चष्मे. वाचनाच्या चष्म्यात भिंगाचे मध्य मुद्दाम खाली बसवतात, म्हणजे लोलकाचा प्रश्नच उरत नाही. दोन चष्मे बाळगण्याचा कंटाळा हीच काय ती किंमत. बायफोकलच हवा असल्यास ‘स्लॅब-ऑफ’ पद्धतीने अधिक उणे असलेल्या भिंगाचा खालचा भाग वेगळा घासून त्यात उलट लोलक बसवतात. काचेवर एक आडवी रेघ दिसते. हे काम मागणीनुसार प्रयोगशाळेतून करून घ्यावे लागते. याहून जुनी क्लृप्ती म्हणजे दोन डोळ्यांना दोन प्रकारचे बायफोकल. ‘केटी’ या गोल वाचन-तुकड्याचा मध्य त्याच्या वरच्या कडेपासून सुमारे ११ मिमी. खाली असतो, इंग्रजी D च्या आकाराच्या ‘डी’ तुकड्याचा सुमारे ५ मिमी. खाली. या ६ मिमी.मुळे +२.०० च्या जोड-नंबरात (वाचनासाठी वाढवलेल्या नंबरात) १.२ लोलक-डायॉप्टरची भरपाई होते. उणे नंबरांत केटी कमी नंबरच्या डोळ्याला द्यायचा. दिसायला ते चमत्कारिक दिसते, त्यामुळे गिऱ्हाईक नाराज होते.

प्रतिमांच्या आकारासाठी फ्रेम डोळ्याजवळ बसणारी आणि लहान घ्यावी. दोन्ही भिंगांची पुढील वक्रता व मधली जाडी शक्य तितकी सारखी मागावी. वक्रता वाढवून लहान प्रतिमा मोठी करण्याची युक्ती ग्रंथांत सापडते. पण मोठ्या उणे नंबरात अधिक वक्र भिंग फ्रेममध्ये डोळ्यापासून दूर सरकते आणि जे कमावले ते त्या अंतरात जाते. हाय-इंडेक्स (प्रकाश अधिक वाकवणाऱ्या, म्हणून पातळ) काचेने जाड कड लपते. आकारातील फरकावर मात्र ती औषध नव्हे, एवढे दुकानात विचारून घ्यावे. नंबराच्या कार्डावर दोन्ही डोळ्यांचे बाहुलीचे (नाकाच्या मध्यापासूनचे) अंतर वेगवेगळे आणि भिंगाच्या मध्याची उंची लिहिलेली असावी. कार्डावर बहुधा हेच दोन रकाने कोरे असतात.

कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, म्हणून आकार आणि लोलक या दोन्ही अडचणी तिने एकदमच हटतात. केवळ जास्त नंबरच्या डोळ्याला लेन्स आणि वर हलका चष्मा, असाही मार्ग आहे. द्राक्षबागेतली फवारणी किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली धूळ यांत लेन्स सांभाळणे जिकिरीचे असते. पाण्याने लेन्स धुणे तर कटाक्षाने टाळावे. नंबर स्थिर झाल्यावर, सहसा वयाच्या अठरानंतर, लेसर शस्त्रक्रिया किंवा डोळ्यात बसवायचे भिंग हे पर्याय खुले होतात.

मुले : मुलांच्या बाबतीत चार डायॉप्टरचा नियम बाजूला ठेवावा. लहान मुलाचा मेंदू मोठी तफावत सोसतो. उलट पूर्ण नंबर न मिळाल्यास धूसर प्रतिमा देणारा डोळा ‘आळशी’ होतो, म्हणजे त्याची नजर नीट घडत नाही. अधिक नंबरात १ डायॉप्टरहून जास्त तफावतही त्यास पुरते. अमेरिकेतील एका बहुकेंद्री अभ्यासात (२००६) ३ ते ७ वर्षांच्या, अशाच तफावतीच्या ८४ मुलांना केवळ चष्मा दिला असता ७७ टक्के मुलांची नजर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली आणि २७ टक्क्यांचा आळशीपणा पूर्ण गेला. बाकीच्यांना चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागते. ही मुले तक्रार करत नाहीत, कारण चांगला डोळा वर्ग निभावून नेतो. पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळांपासून शहरातील शाळांपर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३ पासून) तपासणी होते, तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला, तर असे मूल हमखास निसटते. एकेक डोळा तळहाताने पूर्ण झाकून, बोटांच्या फटीतून डोकावू न देता, तपासणे आवश्यक.

मोतीबिंदूनंतर : भिंगरोपण (डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे) सर्रास होण्यापूर्वी शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्यांना +१० च्या आसपासचे जाड भिंग मिळे. त्यातून वस्तू २५ ते ३० टक्के मोठी दिसे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला तो चष्मा दोन्ही डोळ्यांनी मिळून वापरताच येत नसे. इंग्रज नेत्रशल्यचिकित्सक रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्ये केलेल्या पहिल्या भिंगरोपणाने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला. प्रसारास अनेक दशके लागली. आज विषमता येते ती वेगळ्या वाटेने : −८ नंबरच्या माणसाचा एक डोळा शस्त्रक्रियेनंतर शून्यावर येतो, दुसरा −८ वरच राहतो. दुसरी शस्त्रक्रिया लवकर करणे, तोपर्यंत त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरणे, किंवा पहिल्याच वेळी थोडा उणे नंबर मुद्दाम शिल्लक ठेवणे, हे तीन मार्ग शस्त्रक्रियेआधीच ठरवून घ्यावे लागतात.