एक्मोवरचा रुग्ण डोळे उघडत नाही, म्हणजे मेंदू गेला?

‘एक्मो लावलेला माणूस गेलेलाच असतो, मशीन फक्त धुगधुगी ठेवतं,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना ते खरं वाटणं साहजिक आहे. पण एक्मो हे हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं मशीन आहे; ते रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत देतं. मेंदूलाही तेच पोचतं. रुग्ण निपचित असतो तो अनेकदा गुंगीच्या औषधांमुळे. काही जण एक्मोवर जागेही असतात.

धोका मात्र खरा आहे. नळ्यांत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात, त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा: गुंगी कमी केल्यावर प्रतिसाद काय, बाहुल्या प्रकाशाला आकसतात का, सीटी स्कॅन काय सांगतो? अवयवदानाच्या १९९४च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू ४ डॉक्टर, किमान ६ तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवतात.