कॅरिबियन समजून घ्यायचं तर उसापासून

क्रिकेटमुळे ‘वेस्ट इंडीज’ हे नाव आपल्याला लहानपणापासून पाठ असतं, पण त्या नावाचा देश नकाशावर नाही. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना असे वेगवेगळे देश मिळून तो संघ उतरवतात. नावही गैरसमजातून पडलेलं. १४९२ मध्ये कोलंबस या बेटांना लागला आणि आपण ‘इंडीज’ला पोचलो असं समजून बसला. या प्रदेशाची ओळख बहुतेक जण समुद्रकिनारे आणि रेगे संगीतापासून करून घेतात. मी म्हणेन, उसापासून करा.

ऊस इथला नव्हे. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसनेच तो आणला. बेटांवरचे मूळचे तायनो लोक रोगराईने आणि वेठबिगारीने काही दशकांतच जवळजवळ संपले. पुढे १६४० च्या दशकात इंग्रजांच्या बार्बाडोसवर साखरेचे मळे उभे राहिले आणि त्यांच्यासाठी आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून आणली जाऊ लागली.

ऊस तोडला की फार वेळ ठेवता येत नाही, रस बिघडतो. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस चालत. रात्रपाळीला पेंगुळलेल्या माणसाचा हात उसाबरोबर रुळांत ओढला जाई. चरक थांबेपर्यंत अख्खा माणूस आत जाऊ नये म्हणून जवळच कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडायला. पलीकडे रस एका कढईतून दुसऱ्या, आणखी लहान कढईत ओतत आटवला जाई. साखरेचा दाणा कधी धरेल हे नजरेने ओळखणारा कसबी कारागीरही गुलामच असे. उरलेल्या मळीची रम होई. हे चित्र डोळ्यांसमोर असलं की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

पहिला मोठा स्फोट फ्रेंचांच्या सें-दोमिंगमध्ये झाला. १७९१ मध्ये गुलामांनी उसाचे मळे पेटवले आणि तेरा वर्षं लढून १ जानेवारी १८०४ रोजी हैती हा स्वतंत्र देश उभा केला. गुलामांनी बंड करून राष्ट्र घडवल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. त्याची किंमतही त्यांच्याकडूनच वसूल झाली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. रक्कम पुढे ९ कोटींवर आली, पण त्यापायी काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. हैतीच्या गरिबीबद्दल बोलताना हा हिशेब वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली. नंतरची सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्या मालकाकडेच राबण्याची अट, १८३८ पर्यंत चालली. भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले, तेही मालकांना. गुलामांच्या हाती छदामही आला नाही.

मुक्त झालेले लोक रास्त मजुरी मागणार हे ओळखून मळेवाल्यांनी स्वस्त हात हिंदुस्थानात शोधले. करारी मजुरांची पहिली जहाजं मे १८३८ मध्ये गयानाला लागली, १८४५ मध्ये त्रिनिदादला आणि १८७३ मध्ये डचांच्या सुरीनामला. बहुतेक जण भोजपुरी आणि अवधी मुलखातले, कलकत्त्याहून चढलेले. महिनोन्महिने एकत्र काढताना जातीपातीची बंधनं सैल झाली आणि ‘जहाजी भाई’ हे नवंच नातं तयार झालं. आज गयानात फगव्याला, म्हणजे होळीला, राष्ट्रीय सुट्टी असते, त्रिनिदादमध्ये दिवाळीला. त्रिनिदादमध्ये भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे लोक जवळपास सारखे आहेत. तिथलं राजकारण अजूनही बऱ्याच अंशी याच रेषेवर विभागतं. मळ्यावर या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं गेलं होतं, हे ती भांडणं वाचताना लक्षात ठेवावं.

स्वातंत्र्य तुकड्यातुकड्यांनी आलं. १९५८ मध्ये इथल्या ब्रिटिश बेटांचं संघराज्य झालं, पण जमैकाने सार्वमताने अंग काढून घेतलं आणि १९६२ मध्ये ते मोडलं. त्याच वर्षी जमैका आणि त्रिनिदाद स्वतंत्र झाले, १९६६ मध्ये गयाना आणि बार्बाडोस. मार्तिनिक आणि ग्वादलूप मात्र आजही फ्रान्सचा भाग आहेत, प्वेर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात. बार्बाडोसने ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर केलं ते थेट २०२१ मध्ये.

साखर मागे पडली. आता बऱ्याच बेटांचा संसार पर्यटनावर आणि परदेशी गेलेल्यांनी घरी धाडलेल्या पैशांवर चालतो. मळ्यांवर घडलेल्या क्रेओल, म्हणजे मिश्र, भाषांना ‘अशुद्ध’ म्हणून हिणवलं जाई. हैतीने १९८७ च्या राज्यघटनेत आपल्या क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलं. २०१३ पासून कॅरिबियन देशांची एकत्रित समिती गुलामगिरीची भरपाई युरोपकडे मागते आहे, यावेळी गुलामांच्या वंशजांसाठी. आणि जमैकातल्या मोना इथे, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या आवारात, जुन्या साखर मळ्याच्या चरकाला पाणी पुरवणाऱ्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत. विद्यार्थी रोज त्यांच्या शेजारून वर्गात जातात.