जिच्याकडे वर्ग बघतो

आठवीच्या वर्गात एखादीला ग्रुपमधून काढतात तेव्हा आरडाओरडा होत नाही. मधल्या सुट्टीत डबा खायला तिला कुणी हाक मारत नाही. ती जवळ आली की बोलणं थांबतं. वाढदिवसाचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला झळकतात, आणि तिला वाढदिवस होता हेच तेव्हा कळतं. मारामारी झाली तर दोघांच्या पालकांना शाळेत बोलावता येतं, पण ‘बोलत नाही’ म्हणून कुणाच्या पालकांना बोलावणार?

या प्रकाराकडे संशोधकांचं नीट लक्ष गेलं ते निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांच्या १९९५ सालच्या अभ्यासानंतर. मैत्री तोडून, अफवा पसरवून, वगळून केलेला छळ हीसुद्धा आक्रमकताच, असं त्यांनी मांडलं. त्यातून ‘मुली म्हणजे आतल्या गाठीच्या’ हा समज मात्र आणखी घट्ट झाला. तो पुराव्यावर टिकत नाही. २००८ मध्ये नोएल कार्ड आणि सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. हाणामारीत मुलगे बरेच पुढे निघाले. कुजबुज आणि वगळणं यांत मुलगे-मुलींमधला फरक नगण्य होता.

या वयात वगळलं जाणं मनाला लागतं मात्र फार. लंडनमध्ये कॅथरीन सबॅस्टियन, सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी फक्त मुली आणि स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर तिघांत चेंडू टाकायचा अगदी साधा खेळ. थोडा वेळ सगळं छान चालतं, मग बाकीचे दोघे आपापसातच चेंडू टाकू लागतात. हे दोघे म्हणजे खरं तर संगणकाचाच कार्यक्रम. तरीही डावललं गेल्यावर किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त ढासळली. ‘लक्ष देऊ नकोस गं’ हा आईचा सल्ला चाळिशीतल्या बाईला कदाचित जमेल, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

अशा मुलींना बळ यावं म्हणून अमेरिकेत शाळा सुटल्यावरचे क्लब बरेच आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात १९९६ मध्ये तेरा मुलींना घेऊन सुरू झालेला ‘गर्ल्स ऑन द रन’ हा त्यातला एक. तिथे धावता धावता भांडण कसं सोडवायचं, मत ठामपणे कसं मांडायचं यावर बोलणं होतं आणि शेवटी सगळ्या मिळून पाच किलोमीटर धावतात. हे चांगलंच आहे. पण मला खटकतं ते असं, की सोसणारीला खंबीर करायचं आणि तिला हसणाऱ्यांना तसंच सोडायचं, हा अर्धा उपाय झाला.

उरलेला अर्धा न्यू जर्सीत तपासला गेला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या बेट्सी लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३ मध्ये ५६ शाळांतल्या २४ हजारांवर मुलामुलींना इतर प्रश्नांबरोबर एक प्रश्न लेखी विचारला: गेल्या काही आठवड्यांत तू कुणाबरोबर वेळ घालवलास? उत्तरांवरून प्रत्येक शाळेतल्या मैत्रीचा नकाशा तयार झाला. मग निम्म्या शाळांत वीस-तीस विद्यार्थ्यांचा एकेक गट केला, तोही चिठ्ठ्या टाकल्यासारखा, नशिबाने. या मुलांनी आपल्या शाळेत नेमकं काय खुपतं ते स्वतः ठरवलं, पोस्टर रंगवले आणि भांडणात मध्ये पडलेल्या किंवा कुणाशी चांगलं वागलेल्या मुलांना नारिंगी रिस्टबँड दिले. मोठ्यांचं भाषण नाही की सुविचार नाहीत. वर्षभरात या शाळांत भांडणांबद्दल झालेल्या शिस्तभंगाच्या नोंदी इतर शाळांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी कमी होत्या.

ज्या गटांत नकाशावर सर्वाधिक जोडलेली मुलं जास्त पडली होती, तिथे परिणाम आणखी मोठा दिसला. ही मुलं कोण? यांच्यात थोरलं भावंड असण्याचं प्रमाण जास्त होतं, प्रेमप्रकरणंही जास्त होती, आणि ‘तुझं घर काय भारी आहे’ असं यांना इतर जण म्हणत. आपल्याकडची मॉनिटर निवडायची पद्धत आठवा! पहिल्या बाकावरची, वह्या गोळा करून देणारी मुलगी बाईंना नेता वाटते. वर्ग बघतो ते तिसऱ्या बाकावरच्या दुसऱ्याच कुणाकडे, आणि कुणाला हसायचं नि कुणाला नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून ठरतं.

गट कोण चालवतं यानेही फरक पडतो, आणि तो पुरावा आपल्या जवळचा आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ हा कार्यक्रम तपासला. काही शाळांत तो शिक्षकांकडे दिला, काहींत खास प्रशिक्षण दिलेल्या, शिक्षक नसलेल्या समुपदेशकाकडे, आणि तुलनेसाठी काहींत तो दिलाच नाही. कार्यक्रम तोच: मुलामुलींचे गट, भित्तिपत्रक, तक्रारपेटी, एकेकट्याशी बोलणं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. समुपदेशक असलेल्या शाळांत छळ आणि नैराश्य दोन्ही घटले. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. जे गुण देतात, छडी नाही तरी ओरडतात आणि घरी फोन करतात, त्यांच्याजवळ ‘मला ग्रुपमधून काढलंय’ हे कोण सांगेल? शिवाय अभ्यासक्रम, निवडणूक, सर्वेक्षणं यांतून शिक्षकांना वेळ तरी कुठे असतो!

आपल्या खेड्यापाड्यांत ‘शाळा सुटल्यावर’ ही वेळ एसटी ठरवते. साडेपाचची गाडी चुकली तर सातपर्यंत दुसरी नाही, आणि मुलगी उशिरा आली तर घरचे आधी शाळाच बंद करतील. त्यामुळे असा गट वेळापत्रकातल्याच एखाद्या तासाला बसवावा लागेल; कार्यानुभवाचा तास त्याला चालून जाईल.

मैत्रीचा नकाशा मात्र कुठल्याही शाळेला परवडेल. वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि तोच प्रश्न विचारायचा. त्या कुणा मुलाच्या हाती लागू नयेत, कारण कुणाचं नाव सगळ्यांत जास्त वेळा आलं यासोबत कुणाचं नाव एकदाही आलं नाही हेही त्यातूनच कळतं.