कॅथलिक वसाहतकारांचा वंशशोध : मेरिलँड

सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंड-आयर्लंडमधून उत्तर अमेरिकेतील मेरिलँड वसाहतीत स्थायिक झालेल्या कॅथलिक व्यक्तींचे मूळ घराण्याशी असलेले नाते कागदपत्रांच्या आधारे निश्चित करण्याची अभ्यासपद्धती. दुसरा बॅरन बाल्टिमोर सेसिल कॅल्व्हर्ट याला १६३२ मध्ये या वसाहतीची सनद मिळाली; ‘आर्क’ व ‘डव्ह’ ही जहाजे नोव्हेंबर १६३३ मध्ये काउझ बंदरातून निघाली आणि २५ मार्च १६३४ रोजी सेंट क्लेमेंट्स बेटावर वसाहतकारांची पहिली सामूहिक प्रार्थना झाल्याचे मानले जाते. वसाहतीत कॅथलिक संख्येने कमीच होते. पण जमीन व अधिकारपदे आरंभी बव्हंशी त्यांच्याकडे होती, त्यामुळे त्यांची कागदपत्रेही तुलनेने अधिक टिकली.

इंग्लंडमधील वंशशोधाचा नेहमीचा आधार म्हणजे १५३८ पासूनच्या पॅरिश नोंदवह्या. मात्र त्या अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रॉटेस्टंट चर्चच्या ताब्यात असल्याने आणि कॅथलिक उपासनेवर कायद्याची बंदी असल्याने कॅथलिक कुटुंबे मुलांचा बाप्तिस्मा व विवाह शक्यतो गुप्तपणे उरकत, आणि धर्मगुरूही आपल्याला व यजमानांना धोक्यात आणतील अशा नोंदी सहसा लिहून ठेवत नसत. एखादे नाव पॅरिशच्या वहीत सापडले नाही, एवढ्यावरून ती व्यक्ती तिथली नव्हती असे म्हणता येत नाही. आयर्लंडची अडचण याहून मोठी आहे, कारण १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार जळाले व शतकानुशतकांची मृत्युपत्रे त्यात नष्ट झाली.

ही उणीव पुष्कळ अंशी युरोप खंडातील संस्थांच्या दप्तरांनी भरून निघते. १५९३ मध्ये स्थापन झालेले सेंट ओमरचे इंग्रज जेझुइट विद्यालय आणि परागंदा इंग्रज जोगिणींचे मठ यांत मेरिलँडच्या घराण्यांची मुलेमुली जात. मुलांना कॅथलिक शिक्षणासाठी परदेशी धाडणे इंग्लंडच्या कायद्याने गुन्हा असल्याने विद्यार्थी पुष्कळदा टोपणनावाने दाखल होत आणि आईचे माहेरचे आडनाव घेण्याची उदाहरणेही आढळतात. अनुभवी अभ्यासक म्हणूनच विद्यालयाची यादी वाचताना आजोळची आडनावे हाताशी ठेवतात. मठांच्या व्रतनोंदींत आईवडिलांची नावे मिळतात. एरवी विवाहानंतर कागदांतून लुप्त होणाऱ्या स्त्रियांचा माग लावण्यास या नोंदी, प्रस्तुत संकलकाच्या मते, सर्वांत मोलाच्या आहेत. ग्लॉस्टरशरच्या ब्रेंट घराण्यातील मार्गारेट, मेरी, जाइल्स व फुल्क ही भावंडे १६३८ मध्ये मेरिलँडला आली, तर त्यांच्याच कुटुंबातील काही मुली कांब्रेच्या बेनेडिक्टीन मठात राहिल्या.

तारखांचा प्रश्न विशेष जपून हाताळावा लागतो. इंग्लंड व त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि तिथे जुने ज्युलियन पंचांगच चालू होते, तर फ्रान्स व स्पॅनिश नेदरलँड्स येथे १५८२ पासूनच ग्रेगोरियन पंचांग चालू होते. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचा फरक पडे. गव्हर्नर लेनर्ड कॅल्व्हर्टची मृत्युपत्र-व्यवस्थापक मार्गारेट ब्रेंट हिने विधिमंडळात स्वतःचे एक आणि लॉर्ड बाल्टिमोरची मुखत्यार म्हणून एक अशी दोन मते मागितली, तो दिवस मूळ दप्तरात २१ जानेवारी १६४७ असा असला तरी आजच्या गणनेने ते वर्ष १६४८ होय. असा फरक दुर्लक्षिल्यास मूल आईवडिलांच्या विवाहाआधी जन्मल्याचे किंवा एकच व्यक्ती दोन ठिकाणी हजर असल्याचे चुकीचे निष्कर्ष निघतात. आगमनाच्या काळाबाबत ‘हेडराइट’ दावेही दिशाभूल करतात. स्वखर्चाने आलेल्या किंवा माणसे आणलेल्या व्यक्तीला जमीन देण्याची ही रीत १६८३ पर्यंत चालली, पण दावा अनेक वर्षांनी करता येई आणि हक्क विकताही येत असे. त्यामुळे दाव्याची तारीख ही ‘याआधी आगमन’ एवढेच सांगते.

सर्वाधिक चर्चा कॅरल घराण्याविषयी झाली आहे. ‘वसाहतकार’ म्हणून ओळखला जाणारा चार्ल्स कॅरल (सुमारे १६६१–१७२०) हा आयर्लंडमधील लिटरलूना येथील डॅनियल कॅरलचा मुलगा. लील व दुए येथे शिकून त्याने १६८५ मध्ये लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेत प्रवेश घेतला आणि १६८८ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल म्हणून तो मेरिलँडला आला. आयर्लंडमधील ईली या मुलखाच्या ओ’कॅरल सरदारांशी त्याचे रक्ताचे नाते होते, ही परंपरा पुढे वंशजांनी अभिमानाने सांगितली. नंतरच्या वंशावळींत राजकुलाचे वर्णन वाढवलेले असणे संभवनीय आहे. तथापि मेरिलँडमध्ये त्याने आपल्या जमिनींना ‘ईली ओ’कॅरल’, ‘लिटरलूना’ आणि ‘डुहोरेगन’ अशी आयरिश नावे दिली. ही जमीनपत्रे त्याच्या हयातीतील असल्याने, तो स्वतःला कोणत्या मुलखाचा मानत असे याचा पुरावा म्हणून वंशावळींपेक्षा ती अधिक भरवशाची ठरतात. वंशाची प्रत्येक पायरी मात्र त्यांनी सिद्ध होत नाही.

दुसरा वाद मेरिलँडमधील अपर मार्लबरोच्या डॅनियल कॅरलविषयीचा (हा वरील लिटरलूनाच्या डॅनियलहून वेगळा). त्याचा मुलगा जॉन कॅरल हा अमेरिकेचा पहिला कॅथलिक बिशप (नियुक्ती १७८९), तर वसाहतकाराचा नातू कॅरलटनचा चार्ल्स हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कॅथलिक. दोघे एकाच कुळातले, असे सरसकट लिहिले जाते. आडनावाकडून हे नाते दूरचे असून त्याचे नेमके दुवे वादग्रस्त आहेत. डार्नल घराण्याकडून मात्र ते उघड आहे. वसाहतकाराची दुसरी पत्नी मेरी ही पहिल्या हेन्‍री डार्नलची मुलगी आणि जॉनची आई एलेनर ही त्याच घराण्यातील पुढच्या पिढीची होती. कॅथलिक घराणी आपसांतच सोयरीक करीत असल्याने बायकांकडून जोडलेली वंशावळ इथे अधिक पक्की ठरते.

सामान्य चाकरनोकरांविषयी, नाव व करारापलीकडे, फारसे हाती लागत नाही. जाइल्स ब्रेंटची पत्नी मेरी ही स्थानिक पिस्काटावे जमातीचा प्रमुख कित्तामाक्वुंड याची मुलगी. कित्तामाक्वुंडचा बाप्तिस्मा १६४० मध्ये अँड्र्यू व्हाइट या जेझुइटाने केला. तिच्या माहेरचा माग लवकरच तुटतो. यूस्टस एंगेलहार्ट क्यून या चित्रकाराने सुमारे १७१० मध्ये काढलेल्या तिसऱ्या हेन्‍री डार्नलच्या बालपणीच्या चित्रात त्याच्यामागे गळ्यात धातूचा पट्टा असलेला गुलाम मुलगा उभा आहे. चित्रातील धन्याची वंशावळ अनेक पिढ्यांची उपलब्ध आहे, मुलाचे नावही चित्रावर नाही. जेझुइटांनी १८३८ मध्ये लुइझियानात विकलेल्या २७२ स्त्री-पुरुष व मुलांच्या बाबतीत विक्रीच्या याद्या आणि चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदी एकत्र लावून आता वंशज शोधले जात आहेत.